सायंप्रार्थना नेमकी कुणाची?

प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यांची सांगता दरवर्षी २९ जानेवारीच्या सायंकाळी दिल्लीच्या विजय चौकात होते. ‘बीटिंग रिट्रीट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कार्यक्रमात अनेक दशके एक प्रथा पाळली जात होती. सूर्य रायसीना टेकडीमागे उतरू लागला, की सैन्यदलांचा वाद्यवृंद ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती भक्तिगीताची धून वाजवी आणि घंटांचे स्वर तिला साथ देत. २०२२ साली ही धून कार्यक्रमातून वगळण्यात आली आणि तिच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात भारतीय धूनच अधिक समर्पक ठरते, असे त्या वेळी सांगण्यात आले.

कवी प्रदीप यांच्या गीताशी माझे काहीच भांडण नाही. चीनबरोबरच्या युद्धात धारातीर्थी पडलेल्या जवानांसाठी १९६३ साली लता मंगेशकर यांनी ते गायिले, तेव्हापासून ते या देशाच्या शोकाचे आणि कृतज्ञतेचे गीत आहे. माझा आक्षेप वगळण्यामागच्या कारणाला आहे. ज्या सोहळ्याचे नाव इंग्रजी, ज्याचे बिगूल, ब्रास बँड आणि बॅगपाइप युरोपीय, ज्याची कल्पनाच युरोपातील सैन्यांच्या सायंकाळच्या माघारीच्या संकेतावरून आलेली, त्या सोहळ्यातून परकी म्हणून नेमकी एकच गोष्ट बाहेर काढली गेली, आणि ती होती एक प्रार्थना. तीही गांधीजींच्या आवडत्या प्रार्थनागीतांपैकी एक; आणि तीस जानेवारीच्या आदल्या सायंकाळी.

तो वाद चार दिवसांत विरला, जसे आपल्याकडचे बहुतेक वाद विरतात. त्यामागचे गृहीतक मात्र विरलेले नाही, उलट दिवसेंदिवस रुजते आहे. ते असे, की अँग्लिकन पंथाची उपासना, म्हणजे तिची स्तोत्रे, तिचे प्रार्थनापुस्तक, तिची सायंकाळची घंटा, हे सारे इंग्रज जाताना मागे राहून गेलेले सामान आहे. आणि जे भारतीय ते अजून सांभाळतात, ते दुसऱ्याच्या घरातील वस्तू जपत बसले आहेत. मी ख्रिस्ती नाही आणि या उपासनेशी माझे नाते श्रद्धेचे नाही. परंतु इतिहासाचा वाचक म्हणून हे गृहीतक मला चुकीचे वाटते, आणि ते का चुकीचे आहे हे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

आधी आरोपात जे तथ्य आहे ते मान्य करू. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेने कोलकात्याला बिशपचे पद निर्माण केले आणि त्याचा वार्षिक ५,००० पौंडांचा पगार भारताच्या महसुलातून द्यावा असे ठरवले. म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याच्या आत्म्याच्या काळजीचा खर्च येथील रयतेच्या शेतसाऱ्यातून भागवला जाई. १० मे १८५७ रोजी मेरठमध्ये उठाव झाला तो रविवार होता, आणि गोरे अधिकारी सायंकाळच्या उपासनेच्या तयारीत होते. त्या धक्क्यानंतर सैनिकांनी शस्त्रांसह चर्चमध्ये यावे असा दंडक पडला. मुंबईच्या कुलाब्यातील अफगाण चर्चमध्ये आणि उत्तरेतील अनेक छावणी चर्चमध्ये बाकांना बंदुका टेकवण्यासाठी केलेल्या खाचा आजही दिसतात. गुडघे टेकायचे ते हाताशी बंदूक ठेवून! साम्राज्य आणि धर्म यांची सांगड याहून स्पष्टपणे कोणत्या पुस्तकात लिहिलेली सापडणार नाही.

दुसरे तथ्य गीतांचे. कोलकात्याचे दुसरे बिशप रेजिनाल्ड हेबर हे विद्वान आणि स्वभावाने सौम्य गृहस्थ होते, पण भारतात येण्यापूर्वी, १८१९ साली, त्यांनी लिहिलेल्या एका प्रसिद्ध मिशनगीतात पूर्वेकडील माणूस अंधपणे दगडा-लाकडापुढे झुकणारा म्हणून येतो. १९२५ साली कोलकात्यात मिशनऱ्यांसमोर बोलताना गांधीजींनी याच गीतावर बोट ठेवले आणि अशा दृष्टीने पाहणाऱ्याला भारत कधीच दिसणार नाही, असे त्यांना सुनावले. पण तेच गांधीजी ‘अबाइड विथ मी’वर प्रेम करीत होते. ‘लीड, काइंडली लाइट’ हे जॉन हेन्री न्यूमन यांनी अँग्लिकन धर्मगुरू असताना, १८३३ साली, लिहिलेले गीत तर त्यांना इतके प्रिय होते, की नरसिंहराव दिवेटिया यांनी केलेले त्याचे गुजराती रूपांतर ‘प्रेमळ ज्योति’ आश्रमाच्या भजनांत सामावून गेले. गांधीजींनी गीत कुठून आले हे विचारले नाही. ते काय म्हणते हे विचारले. एकाच पंथाच्या स्तोत्रसंग्रहातील एक गीत त्यांनी जाहीरपणे नाकारले आणि दुसरे आयुष्यभर जवळ ठेवले. २०२२ च्या निर्णयात नेमकी हीच पारख हरवली.

‘अबाइड विथ मी’ काय म्हणते? डेव्हन परगण्यातील ब्रिक्सहॅम या मासेमारीच्या गावचे धर्मगुरू हेन्री फ्रान्सिस लाइट यांनी १८४७ साली, क्षयाने मृत्यू समोर दिसत असताना, ते पूर्ण केले. बायबलमधील एका प्रसंगाचा त्याला आधार आहे. वाटेत भेटलेल्या अनोळखी सोबत्याला दोन खचलेले शिष्य विनवतात, की सांज झाली आहे, आता पुढे जाऊ नकोस, आमच्याजवळ राहा. त्या गीतात राजा नाही, साम्राज्य नाही, जिंकायचे कुणालाच नाही. मावळत्या उजेडात माणसाला वाटणारी भीती आणि कुणीतरी सोबत असावे ही इच्छा, एवढेच त्यात आहे. दिवेलागणीला देव्हाऱ्यासमोर हात जोडणाऱ्या घरांना ही भावना परकी वाटण्याचे कारण नाही.

ही भावना ज्या उपासनेत मुरलेली आहे, ती म्हणजे अँग्लिकन सायंप्रार्थना. थॉमस क्रॅन्मर यांनी १५४९ साली ‘बुक ऑफ कॉमन प्रेयर’ सिद्ध केले तेव्हा मठांतील साधूंच्या दिवसातील आठ प्रार्थनांचे त्यांनी दोन प्रार्थनांत एकत्रीकरण केले. एक सकाळची, एक सायंकाळची. हेतू असा, की नांगर धरणाऱ्यालाही त्यात सहभागी होता यावे. दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिली, म्हणजे नेमाने येणाऱ्याची दर महिन्याला सारी म्हणून होतात. दर सायंकाळी मरियेचे गीत गायचे, ज्यात बलाढ्यांना सिंहासनावरून खाली ओढणारा आणि भुकेल्यांना तृप्त करणारा देव आहे. व्हाइसरॉयांच्या प्रार्थनामंदिरांतही हेच शब्द उच्चारले जात होते. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांच्या कानांवर ते खरोखर पडले, हे देव जाणे. आणि अखेरीस अंधार उजळावा, रात्रीच्या संकटांतून रक्षण व्हावे, अशी लहानशी विनंती.

या पंथाचा एक मूळ आग्रह असा, की लोकांना न कळणाऱ्या भाषेत सार्वजनिक प्रार्थना करणे गैर आहे. इंग्लंडमध्ये हा आग्रह लॅटिनविरुद्ध होता. भारतात आल्यावर तो इंग्रजीविरुद्ध वळला, आणि वळणे अटळ होते. प्रार्थनापुस्तकाचे तमिळ, तेलुगू, बंगाली, उर्दू, मराठी आणि इतर भाषांत अनुवाद झाले. एकदा शब्द आपल्या भाषेत आले, की ते कुणाच्या मालकीचे राहतात? ज्ञानेश्वरी संस्कृतातील गीतेची टीका आहे, पण ती कुणाची आहे हे महाराष्ट्राला विचारण्याची गरज पडत नाही.

व्ही. एस. अझरिया यांचे नाव आज ख्रिस्ती समाजाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही. ते १८७४ साली तिरुनेलवेली भागातील एका खेड्यात, नाडर समाजातील ग्रामीण धर्मगुरूच्या घरी जन्मले. २९ डिसेंबर १९१२ रोजी कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. दोन वर्षे आधी एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले होते, की तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ त्याग केलात, पण मैत्री मात्र दिली नाहीत. हैदराबाद संस्थानातील दोर्नकल येथे त्यांनी जो धर्मप्रांत उभारला, त्यातील बहुसंख्य माणसे माला आणि मादिगा या तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील शेतमजूर होती. अक्षरओळख नसलेली ही माणसे तेलुगूत श्रद्धावचन, प्रभूची प्रार्थना आणि स्तोत्रे तोंडपाठ म्हणत. ज्यांना वेद ऐकण्याची बंदी होती त्यांच्या हाती प्रथमच एक संपूर्ण प्रार्थनाविधी आला होता. अझरिया यांनी त्यांच्या जत्रा, मिरवणुका आणि गाण्याच्या चाली उपासनेत आणल्या. १९३९ साली पूर्ण झालेल्या दोर्नकलच्या कॅथेड्रलमध्ये दक्षिणी देवालयांचे खांब आहेत, इस्लामी धाटणीचे घुमट आहेत. सामूहिक धर्मांतरावरून गांधीजींचा आणि त्यांचा तीव्र मतभेद होता आणि मला दोन्ही बाजूंचे म्हणणे समजते. पण ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ नकोत, असे ठामपणे सांगणाऱ्यांतही अझरिया होते, हे विसरता कामा नये.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अझरिया यांनी ज्या एकीकरणासाठी आयुष्य वेचले, ती ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ २७ सप्टेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी, चेन्नईच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये स्थापन झाली. ते पाहायला अझरिया नव्हते, दोन वर्षांपूर्वीच त्यांचे निधन झाले होते. बिशप मानणारे अँग्लिकन आणि बिशप न मानणारे पंथ एका चर्चमध्ये एकत्र येण्याची ही जगातील पहिली घटना होती. इंग्लंडमध्ये तिचे स्वागत झाले असे समजू नका. कवी टी. एस. एलियट यांनी तर १९४३ मध्येच या योजनेविरुद्ध एक पुस्तिका लिहून तिला विनाशातून साधलेले ऐक्य ठरवले होते. आधुनिक इंग्रजी कवितेचा हा अध्वर्यू दक्षिण भारतातील खेड्यांनी काय करावे यावर चिंतातुर झाला होता, ही गोष्ट मला आजही गमतीची वाटते. खेड्यांनी त्यांचे ऐकले नाही.

या नव्या चर्चने १९५० साली प्रभुभोजनाचा स्वतःचा विधी तयार केला. त्यात केरळच्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेतून एक गोष्ट घेतली. भाकर आणि द्राक्षारस घेण्यापूर्वी शांतीचे अभिवादन हातातून हातात द्यायचे. देणाऱ्याने आपला उजवा तळवा घेणाऱ्याच्या उजव्या तळव्याला लावायचा आणि दोघांनी आपापला डावा हात समोरच्याच्या उजव्या हातावर मिटायचा; मग घेणाऱ्याने ते पुढच्याला द्यायचे. वेदीपासून शेवटच्या रांगेपर्यंत हा स्पर्श पोहोचतो. ज्या देशात स्पर्शावरूनच माणसाची जागा ठरत होती, त्या देशात या कृतीचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. पाश्चात्त्य चर्चमध्ये ही प्रथा जवळजवळ लुप्त झाली होती. दक्षिण भारताच्या विधीचा अभ्यास जगभरच्या अँग्लिकनांनी केला आणि पुढील तीन दशकांत शांतीचे अभिवादन त्यांच्याही उपासनेत आले. १९८० सालच्या इंग्लंडच्या पर्यायी प्रार्थनापुस्तकात ते आहे. आज एखाद्या इंग्रज खेड्यातील चर्चमध्ये संकोची म्हातारा शेजारच्या बाकावरील अनोळखी बाईचा हात हातात घेतो, तेव्हा तो नकळत केरळची एक रीत पाळत असतो. कॅन्टरबरीला ऑगस्टिन ५९७ साली पोहोचले. त्याच्या काही दशके आधी कॉस्मस या प्रवाशाने मलबारमधील ख्रिस्ती लोकांची नोंद केली होती. तेव्हा कुणी कुणाकडून घेतले याचा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

या विधीच्या मुळांशी पुण्याचाही संबंध आहे. जॅक विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी अहमदनगर भागात काम करीत होते. भारतीय चर्चला उसना विधी पुरणार नाही, तिला सुरियानी परंपरेच्या जवळचा स्वतःचा विधी हवा, अशी मागणी त्यांनी सहकाऱ्यांसह १९२० साली पुस्तकरूपाने केली आणि ‘बॉम्बे लिटर्जी’ या नावाने तो विधी पुढे प्रायोगिक वापरात आला. त्यांनी स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघाच्या पुण्यातील आश्रमात खादी होती, शाकाहार होता, जमिनीवर बसून उपासना होती. व्हेरियर एल्विन १९२७ साली भारतात आले ते याच संघात. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तरेकडील सहा चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली, ती नागपुरात. त्यामुळे क्रॅन्मर यांचे प्रार्थनापुस्तक आणि नारायण वामन टिळक यांची अभंगांच्या वळणाची ख्रिस्ती भजने एकाच चर्चचा ठेवा झाली. टिळकांची मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची, अँग्लिकन नव्हे. तरी महाराष्ट्रातील एखाद्या चर्चमध्ये दोन्ही एका सकाळी ऐकू आली, तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

परंपरा जपणारे सगळे जुनाट असतात, हाही समज नंद्यालने खोटा ठरवला आहे. आंध्रातील या भागातील अनेक अँग्लिकन मंडळ्यांनी १९४७ चे एकीकरण नाकारले आणि बरीच वर्षे त्या जुन्याच व्यवस्थेत राहिल्या. त्या मंडळ्या इंग्रजांच्या नव्हत्या. तेलुगू शेतकऱ्या-मजुरांच्या होत्या. याच नंद्यालला २०१३ साली पुष्पा ललिता या भारतातील अँग्लिकन परंपरेच्या पहिल्या महिला बिशप झाल्या. इंग्लंडच्या चर्चला पहिल्या महिला बिशपसाठी २०१५ पर्यंत थांबावे लागले.

मग अडचण कुठे आहे? एक सरकारच्या नजरेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. त्यात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध सामील झाले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही बाहेर आहेत. दोर्नकलच्या ज्या मजुराच्या नातवाला गावाने अजून वेशीबाहेरच ठेवले आहे, त्याला कायदा मात्र सांगतो, की तू प्रार्थना बदललीस तेव्हा तुझी जात संपली. विजय चौकातील धून गेली, त्याने त्याच्या ताटातील भाकरी कमी झाली नाही. पण दोन्ही निर्णयांमागे एकच समजूत आहे, की ही प्रार्थना म्हणणारा माणूस पुरता इथला नव्हे.

दुसरी अडचण चर्चच्या आत आहे आणि तिच्याबद्दल ख्रिस्ती पुढाऱ्यांनी मौन पाळणे मला मान्य नाही. शांतीचे अभिवादन शेवटच्या रांगेपर्यंत जाते, असे मी वर म्हटले. दक्षिणेतील काही गावांत मात्र ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत आहे. चर्चच्या जमिनींवरून चाललेल्या खटल्यांनी न्यायालयांची दालने भरली आहेत. ज्या बिशपांनी उपासनेची काळजी वाहायची, त्यांचा वेळ वकिलांच्या कचेऱ्यांत जातो. आणि उपासना? शहरांतील कितीतरी चर्चमध्ये प्रार्थनापुस्तकाची जागा भिंतीवरच्या पडद्याने, सामूहिक स्तोत्रगायनाची जागा कर्ण्यांतून घुमणाऱ्या बँडने घेतली आहे. नव्या पिढीला ते आवडते, असे सांगितले जाते. आवडत असेलही. पण जिथे पूर्वी सारी मंडळी गात होती, तिथे आता चारजण गातात आणि बाकीचे पाहतात, याला प्रगती म्हणायला मी तयार नाही. जुन्या इंग्रजीचा मला मोह नाही. कळत नसेल तर ती सोडावी. क्रॅन्मर यांनीही हेच सांगितले असते. मला चिंता आहे ती तमिळ, तेलुगू, बंगाली, मराठी प्रार्थनापुस्तकांची, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी रुळलेल्या त्या भाषेची. भारतीय गद्याच्या घडणीत या अनुवादांचा वाटा आहे आणि विद्यापीठांच्या भाषा विभागांनी त्यांच्याकडे क्वचितच गांभीर्याने पाहिले आहे.

धून परत आणा, अशी मागणी मी करणार नाही. प्रजासत्ताकाने आपल्या सोहळ्यात कोणत्याही धर्माची प्रार्थना वाजवलीच पाहिजे असे नाही. पण ती परकी होती म्हणून वगळली, हे कारण सरकारने मागे घ्यावे. चर्चच्या विश्वस्तांकडे मात्र माझी मागणी आहे आणि तिला फारसा खर्च येणार नाही. देशातील प्रत्येक जुन्या कॅथेड्रलमध्ये आठवड्यातून निदान एक दिवस, त्या त्या प्रांताच्या भाषेत, कर्ण्यांवाचून, सायंप्रार्थना व्हावी. दरवाजे उघडे असावेत आणि शेवटच्या बाकावर कुणीही येऊन बसू शकेल, अशी पाटी बाहेर असावी. कोलकात्यात, चेन्नईत, नागपुरात आणि दिल्लीत नॉर्थ अव्हेन्यूजवळच्या ज्या चर्चला कधीकाळी व्हाइसरॉयचे चर्च म्हणत, तिथे हिंदीतून याची सुरुवात करता येईल.